रहस्यकथेतून प्रोग्रॅमिंग शिकवणे: पुरावा किती, कसा आणि कोणत्या क्रमाने?

सूत्रधार

नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवताना तपासकथा वापरावी हे अनेकांना सुचतं आणि बहुतेक वेळा ते एकाच जागी फसतं. गोष्ट एका बाजूला राहते आणि सराव दुसऱ्या बाजूला. 'गुप्तहेराला १ ते १० पाढे छापून द्या' असं म्हटलं की उरतात फक्त पाढे. गुप्तहेर काढून टाकला तरी प्रश्नाचं काही बिघडत नाही. ज्या प्रकरणात प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय गुन्हेगार सापडतच नाही, तेच प्रकरण शिकवायच्या कामाचं. म्हणून कथानकाआधी पुरावा ठरवायचा.

चर्चेसाठी एक नमुना मांडतो. भाषा पायथॉन धरली आहे. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहीन. टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत जातात.

प्रकरण: एका संग्रहालयात ४० कपाटं आहेत. रात्री एक हस्तलिखित नाहीसं होतं. शिकणाऱ्याला तीन सीएसव्ही फायली (रकाने स्वल्पविरामाने तोडलेला साधा मजकूर) मिळतात.

'व्यक्ती': ६० ओळी. क्रमांक, नाव, पेशा, बुटाचं माप, दालनाची किल्ली आहे की नाही.
'दारनोंद': ४०० ओळी. व्यक्तीचा क्रमांक, वेळ, आत की बाहेर.
'जबाब': ६० ओळी. व्यक्तीचा क्रमांक, 'मी अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत अमुक ठिकाणी होतो', आणि त्याला दुजोरा देणाऱ्याचा क्रमांक.

संकल्पनांचा क्रम असा. व्हेरिएबल आणि प्रिंट पहिल्या वीस मिनिटांत उरकायचे, तिथे रेंगाळायचं नाही. मग फाइल उघडून लूपने, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून, ओळी मोजणे: त्या दिवशी दारावर किती नोंदी झाल्या? मग अट: संध्याकाळी सहानंतरच्या नोंदी किती? इथे पडद्यावर दीडशे ओळी येतात आणि त्या लक्षात राहत नाहीत, म्हणून लिस्ट हवी होते. दारनोंदीत नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकाचं नाव काढायला दर वेळी ६० ओळी चाळाव्या लागतात, म्हणून डिक्शनरी, म्हणजे क्रमांक दिला की थेट नाव देणारी रचना. हीच चाळणी तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की फंक्शन, म्हणजे एकदा लिहून नावाने पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा.

नवी संकल्पना तपास अडल्यावरच आणायची, आधी नाही. 'आज डिक्शनरी शिकू' असं म्हणून सुरुवात केली की रहस्य तिथेच संपतं. क्रमांकावरून नाव शोधताना दोन लूप एकात एक घालून शिकणारा वैतागला की मग डिक्शनरी दाखवा. ती कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुरावा तयार कसा करता, आणि नवखे नेमके कुठे अडकतात, यावर जाणकारांनी लिहावं.

नोंदवही

पुराव्याच्या आकाराबद्दल आधी. १२ ओळींची दारनोंद दिली तर हुशार मूल ती डोळ्यांनी वाचून उत्तर सांगून मोकळं होतं, आणि ते योग्यच करतं. १२ ओळींसाठी प्रोग्रॅम लिहिणं हाच वेळेचा अपव्यय. ३००–४०० ओळी हा चांगला टप्पा: डोळ्यांनी कंटाळवाणं, पण उत्तर पडताळायला पाच-दहा ओळी हाताने तपासता येतील इतकं आटोपशीर. ५०,००० ओळी सुरुवातीला देऊ नका. फाइल उघडून नजर फिरवणं हाही तपासाचाच भाग आहे, आणि तेवढ्या ओळींत नजर हरवते.

४०० ओळी हाताने लिहायच्या नाहीत, छोट्या प्रोग्रॅमने घडवायच्या. रीत अशी:

१. आधी सत्य लिहा. कोणी, किती वाजता, कोणत्या कपाटातून, कोणत्या दाराने. हे चार-पाच तथ्यांत मावलं पाहिजे.
२. गुन्हेगाराच्या नोंदी हाताने लिहा.
३. बाकीच्या ५९ जणांच्या नोंदी रँडमने घडवा, पण जगाचे नियम पाळून. आत न जाता कोणी बाहेर पडता कामा नये. हा नियम मोडला की मुलं त्या भुताचाच माग काढत बसतात.
४. प्रत्येक सुगाव्याने किती जण उरतात ते मोजा. साधारण ६० वरून २७, मग ११, मग ४, मग १ अशी घसरण हवी. पहिल्याच सुगाव्याने ६० चे ३ झाले तर पुढच्या तीन पायऱ्या कोणी करणार नाही.
५. शेवटी स्वतः सोडवणारा प्रोग्रॅम लिहून बघा की सगळे सुगावे लावल्यावर नेमका एक उरतो. मग एकेक सुगावा वगळून पुन्हा चालवा. एखादा वगळूनही एकच उरत असेल तर तो सुगावा फुकट आहे आणि त्यासोबत शिकवायची संकल्पनाही टाळता येते.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची. रँडम विदा (डेटा) हाताशी आली की कोणीतरी निरपराध माणूस योगायोगाने सगळ्या अटींत बसतो. मग दोन विद्यार्थ्यांची दोन उत्तरं येतात, दोन्ही कोड बरोबर असतात आणि शिकवणाऱ्याकडे सांगायला काही नसतं.

रँडमला सीड (सुरुवातीचा ठरावीक आकडा) द्या, म्हणजे तीच विदा पुन्हा घडवता येईल. वर्गात मात्र घडवणारा प्रोग्रॅम वाटू नका, तयार फाइल वाटा. पायथॉनच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तर त्याच सीडवर शफलसारख्या फंक्शनचा निकाल तोच येईल याची हमी नसते.

अर्धविराम

नवखे अडकतात त्या जागांबद्दल लिहिते. तपासकथेचा खरा लाभ इथे दिसतो, कारण या चुकांचा परिणाम कथेत लगेच कळतो. तीन जागा हमखास.

पहिली: सगळेच संशयित. साक्षीदार म्हणतो, 'पळणारा माळी किंवा सुतार होता.' विद्यार्थी लिहितो:

इफ पेशा == "माळी" ऑर "सुतार":

एरर येत नाही. पण ६० पैकी ६० जण संशयित ठरतात. पायथॉन हे वाचतो असं: '(पेशा माळी आहे) किंवा (सुतार)'. नुसती "सुतार" ही रिकामी नसलेली स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) म्हणजे ट्रू, म्हणून अट कायमच खरी. दोन्ही बाजूंना 'पेशा ==' लिहायला हवं, किंवा 'पेशा इन ("माळी", "सुतार")'. नुसता नियम सांगितला तर तो विसरला जातो. संग्रहालयाची संचालिकाही संशयितांच्या यादीत दिसली की शंका आपसूक येते. म्हणून पेशांच्या यादीत एखादी अशी व्यक्ती मुद्दाम ठेवा जिच्यावर संशय घेणं उघडच हास्यास्पद ठरेल.

याचाच दुसरा चेहरा: 'माळी आणि सुतार यांना बोलवा' असं आपण म्हणतो, पण कोडमध्ये तिथे 'ऑर' लागतो, कारण एकाच माणसाचा पेशा एकाच वेळी दोन्ही नसतो. 'अँड' लिहिणाऱ्याच्या हाती रिकामी यादी लागते. हे दोन्ही प्रकार एकाच तासात घ्या: एकात सगळे, एकात कोणीच नाही.

दुसरी: कोणीच सापडत नाही. बुटाचा ठसा ९ मापाचा आहे. 'इफ माप == ९' लिहिलं, उत्तर शून्य. सीएसव्हीतून आलेलं प्रत्येक मूल्य स्ट्रिंग असतं आणि "९" ही स्ट्रिंग ९ या संख्येशी कधीच समान नसते. एरर नाही, इशारा नाही, फक्त शांतता. 'इंट(माप)' करून तिची संख्या करायची. प्रकरणात एक तरी सुगावा संख्येचा ठेवायचा तो यासाठीच.

तिसरी: निर्दोष माणूस यादीतून जात नाही. माझ्या मते ही सगळ्यात मोलाची. संशयितांची लिस्ट आहे: माळी, लेखनिक, पहारेकरी, सुतार, छायाचित्रकार. माळी, लेखनिक आणि सुतार या तिघांची अनुपस्थिती सिद्ध झाली आहे. विद्यार्थी लिस्टवर लूप चालवतो आणि निर्दोष दिसेल त्याला त्याच लिस्टमधून 'रिमूव्ह' करतो. उरायला हवेत दोन, उरतात तीन: लेखनिक, पहारेकरी, छायाचित्रकार.

का? लूप जागेचा क्रमांक धरून चालतो. ० वर माळी होता, तो काढला. आता लेखनिक सरकून ० वर आला, पण लूप १ वर गेला, तिथे पहारेकरी. लेखनिक तपासलाच गेला नाही. पुढे २ वर सुतार, तो काढला. छायाचित्रकार सरकून २ वर आला आणि लूप ३ वर जाऊन संपला. म्हणजे दोघांची चौकशीच झाली नाही. छायाचित्रकार यादीत राहायलाच हवा होता, त्यामुळे त्याची चूक दिसत नाही, लेखनिकाची दिसते. फळ्यावर पाच नावं लिहून बोटाने चालवून दाखवा, दोन मिनिटं लागतात.

उपाय: मूळ लिस्टला हात लावायचा नाही, 'उरलेले' नावाची नवी रिकामी लिस्ट करून दोषमुक्त नसलेल्यांना तिच्यात घालत जायचं. तपासाच्या दृष्टीनेही मूळ यादी शाबूत राहिलेली बरी.

शून्यापासून

वेळांचं काय करता? दारनोंदीत ९:०५, १०:३० अशा वेळा आहेत. तुलना करताना गोंधळ होतो. शिवाय चोरी मध्यरात्रीच्या आसपास असेल तर?

माग_काढणारी

@शून्यापासून, वेळ स्ट्रिंग म्हणून ठेवली तर "९:०५" ही "१०:३०" पेक्षा मोठी ठरते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा १ पेक्षा मोठा. सगळ्या वेळा "०९:०५" अशा दोन अंकी तासांत लिहिल्या तर त्याच दिवसापुरती तुलना बरोबर चालते. पण शिकवण्यासाठी मिनिटांत बदलणं उत्तम: तास गुणिले ६० अधिक मिनिटं. २२:४० म्हणजे १३६०. विद्यार्थ्याने लिहायचं पहिलं खरंखुरं फंक्शन म्हणून हे आदर्श आहे: एक गोष्ट आत, एक बाहेर, आणि दहा ठिकाणी लागतं.

मध्यरात्रीसाठी: ००:२० म्हणजे २०, आणि तो १३६० पेक्षा लहान, म्हणून चोर 'येण्याआधीच निघून गेला' असं दिसतं. रात्र दुपारी १२ पासून मोजायची ठरवा आणि ७२० पेक्षा कमी मिनिटं आली की १४४० मिळवा. ००:२० होईल १४६०. पहिल्या प्रकरणात हे टाळा आणि सगळं रात्री ११ च्या आत उरका. दुसऱ्या प्रकरणात मुद्दाम घाला.

अनुपस्थितीचा दावा तपासताना दोन कालखंड एकमेकांवर येतात का हे बघावं लागतं. इथे मुलं चार-चार अटी लिहितात: हा आधी सुरू, तो नंतर संपला, हा त्याच्या आत, तो ह्याच्या आत… एकच अट पुरते: पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटापेक्षा आधी आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटापेक्षा आधी. आयती देऊ नका. आधी कागदावर दोन पट्ट्या सरकवायला लावा आणि 'एकमेकांवर न येण्याचे प्रकार किती' असं विचारा. उत्तर फक्त दोन: हा पूर्ण आधी, किंवा हा पूर्ण नंतर. त्याचा नकार घेतला की वरची अट मिळते. 'किंवा'चा नकार 'आणि' होतो, हा द मॉर्गनचा नियम नाव न घेता शिकून होतो.

एक सूचना: कालखंड नुसते टेकतात तिथे काय मानायचं ते कथेत स्पष्ट लिहा. साक्षीदार ८ वाजता निघाला आणि चोरी ८ पासून पुढे कधीतरी झाली, तर तो तिथे होता का? 'पेक्षा लहान' की 'पेक्षा लहान किंवा समान' हे त्यावर ठरतं, आणि उत्तरही.

उलटतपासणी

चांगली चर्चा. पण मला मूळ मांडणीत एक उणीव वाटते. वरची सगळी प्रकरणं विदा गाळण्याची आहेत. प्रोग्रॅमरचा वेळ ज्यात जातो ते काम म्हणजे स्वतःच्या कोडमधला दोष शोधणे, आणि तपासकथेशी खरं नातं त्याचं आहे. चालणारा प्रोग्रॅम लिहायला सगळे शिकवतात, बिघडलेला वाचायला फार थोडे.

म्हणून दर तीन प्रकरणांनंतर एक प्रकरण असं द्यावं की कोड तयार आहे, कोणीतरी तो लिहून गेला आहे आणि तो चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवतो. ३० ते ४० ओळींचा, त्यात एकच दोष. दोन दोष असले तर नवख्याला एक सुधारूनही उत्तर चुकीचंच दिसतं, मग तो केलेली योग्य दुरुस्ती परत मागे घेतो.

तपासाची वही आखून द्या, चार रकाने: काय व्हायला हवं होतं, काय झालं, माझा अंदाज, तो तपासायला काय करणार. कोडला हात लावण्याआधी चौथा रकाना भरलाच पाहिजे. आणि एका वेळी एकच बदल. नवखे तीन गोष्टी एकदम बदलतात, प्रोग्रॅम चालतो, आणि कशाने चालला ते कळत नाही.

शोधण्याची रीतही शिकवायला हवी. ४० ओळी वरून खाली वाचत बसू नये. २० व्या ओळीपाशी प्रिंट टाकून बघा की तिथपर्यंत संशयितांची संख्या अपेक्षेप्रमाणे आहे का. आहे, तर दोष खालच्या अर्ध्यात. नाही, तर वरच्या. मग १०, मग ५. ४० ओळींना जास्तीत जास्त सहा तपासण्या पुरतात, हजार ओळींना दहा. एडवर्ड गॉस यांनी १९८२ मध्ये ही रीत 'लांडग्याचं कुंपण' म्हणून मांडली: प्रदेशात लांडगा एकच असेल तर मधोमध कुंपण घाला, आवाज कुठून येतो ते ऐका, आणि त्या अर्ध्यात पुन्हा कुंपण. गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही आज्ञा हेच तत्त्व कोडच्या जुन्या आवृत्त्यांवर चालवते.

एरर आली तर ट्रेसबॅक (एरर कुठे आणि कशी आली ते सांगणारा मजकूर) खालून वाचायला शिकवा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठे झालं ते. मुलं पहिली ओळ वाचतात आणि घाबरून खिडकी बंद करतात. शिवाय ट्रेसबॅक जिथे बोट दाखवतो ती प्रेत सापडल्याची जागा असते, गुन्ह्याची असेलच असं नाही. ३१ व्या ओळीत 'की एरर' आली, पण डिक्शनरीत चुकीचा क्रमांक भरला गेला १२ व्या ओळीत. हा फरक तपासकथेतून जितका सहज पटतो तितका दुसऱ्या कशातून नाही.

पेरायला उत्तम दोष: 'रेंज(१, ४०)'. कपाटं ४० आहेत, लूप ३९ वर थांबतो. मात्र हस्तलिखित ४० व्या कपाटातलं ठेवा, नाहीतर दोष कोणाला दिसणारच नाही. लूपच्या आत शून्य केलेला मोजणी-व्हेरिएबल हाही चांगला. उत्तर कायम ० किंवा १ येतं.

सूत्रधार

@उलटतपासणी, बिघडलेल्या कोडची प्रकरणं क्रमात घेतो: तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या जागी. वही मात्र पहिल्या दिवसापासून.

नोंदवही

मराठीत नावं असलेल्या फायली वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. यांतली एक तरी तुमच्या वर्गात होणारच.

ओपन करताना 'एन्कोडिंग' (अक्षरं बाइटमध्ये साठवायचं संकेतन) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा. ज्या विंडोजवर सीपी-१२५२ हे रोमन लिपीचं संकेतन धरलं जातं तिथे दोन वेगळे प्रकार दिसतात. 'माळी' हे नाव चमत्कारिक रोमन अक्षरांत येतं, पण एरर येत नाही. 'छायाचित्रकार' मात्र डीकोड एरर देऊन थांबतो. कारण हलन्ताचा तिसरा बाइट ८डी (षोडशमान), आणि त्या जागी सीपी-१२५२ मध्ये अक्षरच नाही. 'ए'चंही तसंच. त्यामुळे फाइल अर्धी चालते आणि एखाद्या जोडाक्षरापाशी कोसळते, आणि वर्ग समजतो की ती व्यक्तीच संशयास्पद.

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलं की फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसते. पहिल्या रकान्याचं नाव 'क्रमांक' दिसतं, पण ते 'खूण + क्रमांक' असतं, म्हणून डिक्शनरीत 'क्रमांक' सापडत नाही. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, प्रश्न मिटतो.

सीएसव्ही मॉड्यूल न वापरता ओळ थेट वाचली तर तिच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह राहतं, म्हणून शेवटच्या रकान्यातलं 'बाहेर' हे 'बाहेर'शी जुळत नाही. 'स्ट्रिप()' लावा. शंका आली की प्रिंटमध्ये 'रेप्र()' वापरायला शिकवा. न दिसणारी चिन्हं दिसतात. तपासाच्या भाषेत, ठशांवर टाकायची पूड. फाइलच्या शेवटी रिकामी ओळ असेल तर स्वल्पविरामाने तोडून दुसरा रकाना मागताच 'इंडेक्स एरर' येते.

पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, काना-मात्रांसकट. नवख्यांना 'संशयित', 'उरलेले' अशी नावं देऊ द्या, वाचताना अर्थ लगेच लागतो. मात्र 'दुसऱ्या'मधला अर्धा र काही कळफलकांवर र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा उमटतो. तो जॉइनर नावात चालत नाही, लगेच सिंटॅक्स एरर. ऱ वापरून लिहिलेला चालतो. विदेतही हाच घोटाळा: पडद्यावर एकसारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी. म्हणून व्यक्तींची जुळणी नावावर कधीच करू नका, क्रमांकावर करा.

कोडमध्ये ९ हा आकडा देवनागरीत लिहून चालत नाही, तो इंग्रजी अंकांतच लागतो. फाइलमधून आलेल्या देवनागरी "९" ला 'इंट()' लावलं तर मात्र ९ नीट मिळतो.

माग_काढणारी

वरच्याला जोडून: सांकेतिक चिठ्ठीचा भाग घालायचा मोह सगळ्यांना होतो. चिठ्ठी देवनागरीत असेल तर सांभाळून. 'साक्षीदार' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण लांबी मोजणारं 'लेन' ९ सांगतं, कारण काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. तो उलटा छापला तर मात्रा भलत्या अक्षरांवर चढतात. अक्षरं तीन घरं सरकवण्याचा कूटही युनिकोडच्या क्रमाने केला तर व्यंजनाच्या जागी भलतंच चिन्ह येऊ शकतं. सोपा मार्ग: फक्त ३४ व्यंजनांची स्वतःची लिस्ट करा, क ते ह आणि ळ, तिच्यातच सरकवा आणि ३४ ने भागून बाकी घ्या. मात्रा जशाच्या तशा ठेवा. बाकी काढणं इथे इतकं नैसर्गिक येतं की त्या क्रियेसाठी वेगळा पाठ लागत नाही. किल्ली न देता ३३ शक्यता छापून वाचायला सांगितल्या तर आणखी चांगलं.

शून्यापासून

उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलांनी स्वतः कसं तपासायचं? दर वेळी शिकवणाऱ्याला विचारलं तर रांग लागते.

सूत्रधार

तपासणारा छोटा प्रोग्रॅम द्या, पण त्यात उत्तर उघडं ठेवू नका. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी फाइल उघडून वाचतं. उत्तराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, उलट फिरवून मूळ मजकूर न देणारा ठसा) ठेवा आणि विद्यार्थ्याच्या उत्तराचा हॅश त्याच्याशी ताडून बघा. पायथॉनच्या 'हॅशलिब'मध्ये तो आहे, कोड पाच-सहा ओळींचा.

पण उत्तर नुसतं नाव असेल तर ६० अंदाजांत काम संपतं. उत्तर तीन भागांचं करा: व्यक्ती क्रमांक, कपाट क्रमांक, पंधरा मिनिटांच्या कोणत्या कप्प्यात. ६० × ४० × ९६ म्हणजे २,३०,४०० शक्यता. हाताने अंदाज लावणं बंद. तिन्ही भाग संख्याच ठेवा, मध्ये एकेक आडवी रेघ; नाव ठेवलं तर एका जादा मोकळ्या जागेने बरोबर उत्तर चूक ठरतं.

वर्ग पुढे गेला की हेच प्रकरण परत काढा: 'आता पुराव्याची एकही फाइल न उघडता उत्तर शोधा.' तीन लूप एकात एक आणि सव्वादोन लाख हॅश संगणक काही सेकंदांत तपासतो. लहान पासवर्ड का नको, हे तेव्हा कळतं.

अर्धविराम

सेटबद्दल (एकच गोष्ट दोनदा नसलेला संच) कोणी लिहिलं नाही म्हणून. प्रत्येक सुगाव्याचा एक सेट (आत असलेले, किल्ली असलेले, ९ मापाचे) आणि मग त्यांचा छेद, एका ओळीत गुन्हेगार. हे सुंदर आहे, म्हणूनच उशिरा द्या. लूपने तीच चाळणी आधी लिहिली नसेल तर छेद म्हणजे नुसती जादू वाटते. आणि सेट छापताना 'सॉर्टेड()' लावा: स्ट्रिंगच्या सेटचा क्रम दर वेळी प्रोग्रॅम चालवल्यावर बदलू शकतो, मग दोन शेजारी 'आपली उत्तरं वेगळी आली' म्हणून वाद घालतात.

हिशेबातल्या अफरातफरीचं प्रकरण करणार असाल तर रकमा दशांशात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी समान येत नाही, आणि प्रामाणिक रोखपाल चोर ठरतो. सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवा.

उलटतपासणी

ज्यांना भाषा शिकवण्याआधी नुसती विचारण्याची सवय लावायची आहे त्यांनी एसक्यूएलचा, म्हणजे तक्त्यांतून माहिती विचारून काढायच्या भाषेचा, विचार करावा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने याच कल्पनेवर केलेलं 'एसक्यूएल मर्डर मिस्टरी' मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. लूप नाही, व्हेरिएबल नाही, फक्त तक्ते आणि प्रश्न. मर्यादाही तीच: शिकणारा उत्तम प्रश्न विचारायला शिकतो, प्रोग्रॅमची पायरी-पायरीने जाणारी चाल शिकत नाही.

माग_काढणारी

वर्ग चालवण्याबद्दल थोडं. प्रत्येक टप्प्याचा कथाभाग शंभर-सव्वाशे शब्दांत बसवा. लांबला की जलद वाचणारे पुढे जातात आणि बाकीचे वाचायचं सोडून शेजाऱ्याला विचारतात. सुगावा वाक्यात लपवू नका. कोडं पुराव्यात असू द्या, भाषेत नको.

जोडीने बसवा, कळफलक एकाकडे, वही दुसऱ्याकडे, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. न बदलता सोडलं तर ज्याला आधीपासून थोडं येतं तोच सगळं टंकतो.

मदतीच्या तीन चिठ्ठ्या प्रत्येक टप्प्याला तयार ठेवा. पहिलीत फक्त प्रश्न: 'दारनोंदीत नाव आहे का?' दुसरीत दिशा: 'क्रमांकावरून नाव मिळेल अशी रचना हवी.' तिसरीत कोडची एक ओळ, पण दुसऱ्या विदेवरची, म्हणजे तशीच उतरवून चालत नाही. संपूर्ण उत्तर चिठ्ठीत कधीच नको.

लहान वर्गांसाठी खून नको, हरवलेली वस्तू पुरते. आणि गुन्हेगार पेशावरून किंवा दिसण्यावरून ठरेल असा शेवटचा सुगावा ठेवू नका. वेळ, किल्ली, ठसा, खोटा ठरलेला जबाब, यांवरूनच तो सापडायला हवा. मुलांनी लिहिलेला नियम ६० माणसांना एकसारखा लागू होतो. तो नियम काय बघतो याची जबाबदारी प्रकरण रचणाऱ्याची.

शून्यापासून

शेवटचा प्रश्न: क्लास आणि रिकर्शनही याच पद्धतीने घेता येतील का?

सूत्रधार

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, घेता येतं. जबाबात दुजोरा देणाऱ्याचा क्रमांक आहेच: १७ ची खात्री ४२ देतो, ४२ ची ८ देतो, ८ ची कोण? साखळी जिथे दारनोंदीच्या पुराव्याशी पोचते तिथे थांबायचं, ही थांबण्याची अट. विदेत मुद्दाम एक चक्र ठेवा, १७ ची ४२ आणि ४२ ची पुन्हा १७. पायथॉन सुमारे १००० खोलीवर 'रिकर्शन एरर' देऊन थांबतो. मग 'आधी कोणाकडे जाऊन आलो' त्याची नोंद फंक्शनसोबत पुढे न्यावी लागते, आणि चक्रात सापडलेले दोघे एकमेकांना वाचवत होते हे उघड होतं. कटाच्या प्रकरणाला याहून चांगला पुरावा नाही.

क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा) मात्र ओढूनताणून आणू नका. ६० व्यक्ती डिक्शनरीत नीट मावतात. क्लासची गरज तेव्हा लागते जेव्हा व्यक्तींची स्थिती वेळेनुसार बदलते, म्हणजे तपास सोडून त्या रात्रीची नक्कल चालवायची असते: कोण कोणत्या दालनात, मिनिटामिनिटाला. ज्यांनी तीन-चार प्रकरणं सोडवली आहेत त्यांना हेच काम द्या, पुढच्या तुकडीसाठी नवं प्रकरण रचण्याचं. आत न जाता कोणी बाहेर पडू नये हा नोंदवही यांचा नियम तेव्हा प्रत्येक व्यक्तीच्याच क्लासमध्ये बसवता येतो.